रेफ्यूजवर बदकांच्या शिकारीला जाताय? आधी या चुका टाळा

"अभयारण्यात बंदूक घेऊन जाऊ देतात तरी कसे रे तुला?" माझा मावसभाऊ दरवर्षी ऑक्टोबरात फोनवर हेच विचारतो. तो नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर दुर्बिणीतून तलवार बदकं मोजत मोठा झाला, त्यामुळे त्याचं नवल मी समजू शकतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार आणि अभयारण्य हे शब्द एकत्र येतात ते गुन्ह्याच्या बातमीतच.

मी राहतो त्या अमेरिकेत हिशेब वेगळा आहे. इथे वन्यजीवांसाठी राखलेल्या सरकारी जागेला रेफ्यूज म्हणतात. १९३४ पासून इथल्या बदक शिकाऱ्याला दरवर्षी डक स्टॅम्प हे सरकारी तिकीट घ्यावं लागतं. सध्या ते २५ डॉलरला मिळतं आणि त्यातला जवळपास सगळा पैसा पाणथळ जमिनी विकत घेण्यात किंवा राखण्यात जातो. रेफ्यूजविषयीच्या १९९७ च्या कायद्याने पक्षीनिरीक्षण, छायाचित्रण, मासेमारी यांच्या पंगतीत शिकारीलाही बसवलं. मात्र अनेक रेफ्यूजवर ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग पाणपक्ष्यांच्या शिकारीला खुला करताच येत नाही. हा ४० टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी लिहितोय ते कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो खोऱ्याबद्दल: सॅक्रामेंटो, डेलेव्हन, कलुसा, सटर ही रेफ्यूज. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत मोसम आणि आठवड्यातून तीनच दिवस शिकार: शनिवार, रविवार, बुधवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातली आपली बरीच मंडळी हल्ली हंटर एज्युकेशनचा कोर्स करून या वाटेला लागली आहेत. पहिल्या वर्षी त्यांच्या हातून त्याच चुका होतात ज्या माझ्या हातून झाल्या.

"यंदा पक्षी किती आलेत?"

सगळ्यात मोठी चूक हा प्रश्नच आहे. अमेरिका आणि कॅनडा १९५५ पासून दर उन्हाळ्यात विमानातून बदकांची गणती करतात. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी आकडा ३ कोटी ४० लाखांच्या आसपास होता. म्हणजे दोन्ही मोसम सारखे जायला हवेत? तसं होत नाही. तो आकडा अलास्का आणि उत्तरेच्या गवताळ प्रदेशाचा असतो. पिनटेल (आपलं तलवार बदक) आणि विजन या जातींसाठी तो बघावा. पण इथे पडणाऱ्या मॅलार्ड जातीच्या बदकांमधला मोठा हिस्सा कॅलिफोर्नियातच अंड्यातून बाहेर आलेला असतो. त्यांची गणती राज्य वेगळी करतं, ती वाचा.

आणि क्लॅमथचं काय झालं तेही बघा. ओरेगनच्या सीमेवरच्या त्या खोऱ्यात इथली बरीच मॅलार्ड उन्हाळ्याच्या शेवटी पिसं टाकायला जातात. त्या दिवसांत त्यांना उडता येत नाही. पाणी आटलं की उथळ, कोमट तळ्यांत बॉट्युलिझम हा जिवाणूंच्या विषाचा रोग पसरतो. २०२० साली त्यात सुमारे ६० हजार पक्षी गेले. १९०८ साली पाणपक्ष्यांसाठी राखलेलं देशातलं पहिलं रेफ्यूज तिथेच आहे, हे सांगताना आजही घशात काहीतरी अडकतं.

पण खरा घोळ पुढेच आहे. पक्षी खोऱ्यात असणं आणि तुमच्या तळ्यावर येणं या दोन निराळ्या गोष्टी. सॅक्रामेंटो खोऱ्यात एरवी ५ लाख एकरांच्या घरात भात होतो. पूर्वी कापणीनंतर पेंढा जाळत. १९९१ च्या कायद्याने ते हळूहळू बंद केलं, तेव्हापासून शेतकरी पेंढा कुजवायला हिवाळ्यात शेतात पाणी सोडतात. बदकांना ही आयती पंगत मिळाली. दिवसभर ती रेफ्यूजच्या बंद भागात डुलक्या काढतात (खुल्या भागाचे ते ४० टक्के आले ना आठवणीत?) आणि अंधार पडला की भातशेतात जेवायला जातात. तुमच्या लपणीवरून जातात तीही उंचावरून, स्थानिक लोकल स्टेशन न घेणाऱ्या फास्ट गाडीसारखी.

त्यामुळे दुष्काळी वर्ष कधीकधी शिकाऱ्याला बरं जातं. २०२२ साली भाताचा पेरा जवळपास निम्म्यावर आला होता. पाणीच मोजकं, तेव्हा पक्षी जिथे पाणी तिथे गोळा होतात. उलट जानेवारीत धो धो पाऊस पडून सगळं खोरं तळं झालं की आपल्याला वाटतं, आता मजा. पण तेव्हा बदकांना बसायला लाख जागा असतात, तुमचं तळं त्यातलं एक. दुष्काळ चांगला असं मी म्हणत नाही. दाटीवाटीत रोगही पसरतात आणि पुढच्या वर्षीची पिल्लंही घटतात. एवढंच म्हणतोय की मोसमाचा अंदाज बांधायचा तर पाणी कुठे आहे ते आधी विचारा.

मोसमात कधी जायचं, त्याचा माझा ठोकताळा असा. पहिला आठवडा चांगला, कारण स्थानिक पक्षी अजून बेसावध. नोव्हेंबरचा मधला काळ मंद: उघडीप, ऊन, आणि तेच ते शहाणे झालेले पक्षी. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर उत्तरेत गारठा वाढला आणि वादळं यायला लागली की नवे थवे उतरतात. तारखेपेक्षा वारा बघा. जोराचा उत्तर वारा सुटला की बंद भागातले पक्षी अस्वस्थ होऊन दिवसा हलतात. निरभ्र, शांत, पौर्णिमेच्या मागेपुढे असलेल्या सकाळी मी सरळ घरी झोपतो.

सोडत: म्हाडाचा अनुभव कामी येत नाही

आरक्षणासाठी राज्याच्या परवाना यंत्रणेत तारखेनुसार अर्ज करायचा आणि सोडत निघते. वशिला नाही, जुन्या अर्जांचे गुणही साठत नाहीत. नवखे लोक डिसेंबरच्या चार शनिवारांना अर्ज करतात आणि मग "आपलं नशीबच फुटकं" म्हणतात. अर्ज बुधवारांसाठी करा. गर्दी कमी असते आणि रविवारनंतर पक्ष्यांना दोन दिवस विश्रांती मिळालेली असते. ऑफिसातून सुट्टी मिळवणं हाच काय तो त्रास.

आरक्षण लागलं नाही तरी दार बंद होत नाही. बऱ्याच रेफ्यूजवर आदल्या संध्याकाळी चेक स्टेशनवर, म्हणजे शिकाऱ्यांची नोंद करणाऱ्या नाक्यावर, आणखी एक सोडत होते. त्यातही नंबर नाही लागला तर 'स्वेट लाइन' असते: आतले लोक बाहेर येतील तसतसं रांगेतल्यांना सोडतात. पहाटे पाचला निराश होऊन परत फिरणारे मी दरवर्षी बघतो. नऊ-दहा वाजता पहिली तुकडी थंडीने कुडकुडत बाहेर येते आणि चांगल्या जागा रिकाम्या होतात. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोहे, आणि थोडा धीर एवढी तयारी असली की पुरे.

हातात आरक्षण असेल तर उशीर मात्र करू नका. ठरलेली वेळ टळली की तुमची पाळी गेली. ट्यूल फॉग म्हणजे इथलं दाट धुकं पडलं असेल तर हायवेवर ताशी तीस मैलांनी रांगत जावं लागतं, तो वेळ धरून निघा.

कुठला भाग निवडायचा? राज्य दर शिकारीच्या दिवसाची सरासरी प्रसिद्ध करतं, माणशी किती पक्षी पडले ती. लोक तेवढाच आकडा बघतात. खाली जातवारी असते, ती वाचा. सरासरी ३ म्हणजे तीन मॅलार्ड की तीन थापटे? थापट्या बदकाला इथे 'स्पूनी' म्हणून नाक मुरडतात. मी नाही मुरडत. खोबऱ्याच्या काळ्या वाटणात दोन तास मंद आचेवर ठेवला की स्पूनीची तक्रार करणारे पुन्हा वाढून घेतात.

कागदपत्रं

यादी लांब आहे: शिकार परवाना, राज्याचं डक व्हॅलिडेशन, हिप व्हॅलिडेशन (शिकारीच्या माहितीची नोंद), फेडरल डक स्टॅम्प, आणि या रेफ्यूजवर शिकारीसाठी लागणारा टाइप ए पास. पास चेक स्टेशनवर विकत मिळत नाही, आधीच घ्यावा लागतो. कागदी स्टॅम्प असेल तर त्यावर शाईने सही हवी. पहिल्या वर्षी मी तो इतका सुंदर दिसतो म्हणून कोरा जपून ठेवला होता. वॉर्डन हसला, पेन पुढे केलं आणि नियम समजावला. सगळे असे हसत नाहीत.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एच-वन-बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर अमेरिकी कायद्याने तुम्हाला बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला असलेला अपवाद. कॅलिफोर्नियाचा परवाना ३० जूनला संपतो. जुलैत मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेलात आणि परवाना नवा केलेला नसला, तर खेळ म्हणता म्हणता गंभीर गुन्हा होऊ शकतो. अशा वेळी ओळखीच्या अनुभवी माणसाचा सल्ला पुरत नाही, वकिलाला विचारा.

तळ्यावर

वारा पाठीवर घ्या. बदक वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणजे ते तुमच्या समोरून येईल. डिकॉय म्हणजे पक्ष्यांना भुलवणारी नकली बदकं मांडताना मधे मोकळी जागा सोडा. ताटात जशी आमटीच्या वाटीला जागा ठेवतो तशी. दीड डझन पुरतात. पन्नास डिकॉयची गाडी चिखलातून ओढत नेणारे उजाडेपर्यंत थकलेले असतात.

पाणी आरशासारखं स्थिर असेल तर मात्र कितीही डिकॉय असोत, पक्षी फिरतात, बघतात आणि निघून जातात. पाणी हलतं ठेवा. एका डिकॉयला दोरी बांधून ओढत राहणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. बॅटरीवर पंख फिरवणारे डिकॉय दुकानात ऑक्टोबरात समोरच मांडलेले असतात, पण कॅलिफोर्नियात ते ३० नोव्हेंबरपर्यंत चालत नाहीत. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

एवढं करूनही पक्षी शेवटच्या फेरीत बिचकत असतील तर वर बघणारे चेहरे तपासा. गोरा असो की सावळा, घामेजलेला चेहरा उन्हात चमकतो. टोपी खाली ओढा, नजर फक्त डोळ्यांनी फिरवा.

आता काडतुसं. आत माणशी २५ च नेता येतात. हा नियम मला आधी जाचक वाटायचा, आता वाटतो की तो नसता तर कोणालाच पक्षी मिळाला नसता. साठ-सत्तर यार्डांवरच्या थव्यावर बार टाकणाऱ्याला इथे 'स्काय बस्टर' म्हणतात. तो स्वतः उपाशी राहतो, शेजारच्या तळ्यालाही उपाशी ठेवतो, आणि दोन छर्रे लागलेला पक्षी कुठेतरी दूर जाऊन मरतो. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे देशभर १९९१ पासून बंद आहेत. पोलादी छर्रे हलके, त्यांचा जोर लवकर ओसरतो. पावलं मोजून ३५ यार्डांवर एक डिकॉय ठेवा आणि त्याच्यापलीकडच्या पक्ष्यावर बंदूक उचलू नका. माझे पहिल्या वर्षीचे २५ बार दीड तासात संपले होते. पक्षी एक.

त्याच मुद्द्यावर: क्ले टार्गेट (उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी) खेळताना घातलेलं जॅकेट शिकारीला घालू नका. खिशाच्या कोपऱ्यात राहिलेलं शिशाचं एक काडतूसही दंडाला पुरेसं आहे. आणि बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावतील असा प्लग आहे ना, ते घरी तपासा.

ओळख आणि मर्यादा

रोज ७ बदकं, पण सातांच्या पोटात उपनियम आहेत. मॅलार्डच्या माद्या दोनच. पिनटेल कित्येक वर्षं एकच होतं, २०२५-२६ च्या मोसमात ते ३ झालं. म्हणून मागच्या वर्षीची पुस्तिका बॅगेत ठेवणं ही चूकच, दोन्ही बाजूंनी. सूर्योदयाआधी अर्धा तास शिकार सुरू होते आणि त्या अंधुक उजेडात सगळी बदकं तपकिरी दिसतात. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं मी फक्त ऐकतो. विजनची शीळ आणि पिनटेलची शीळ वेगळी, मॅलार्डच्या मादीचा आवाज सगळ्यांना माहीत असलेला 'क्वॅक'. पक्षी साफ केलात तरी ओळख पटावी म्हणून घरी पोचेपर्यंत डोकं किंवा पिसांसकट एक पंख तसाच ठेवावा लागतो. बर्ड फ्लूमुळे साफ करताना हातमोजे घाला आणि मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसवर शिजवा.

पडलेला पक्षी गवतात हरवला तर? शोधायचा. कायदाही तेच सांगतो. पडल्या जागेवरची खूण नजरेतून सोडू नका आणि तो हाती येईपर्यंत दुसऱ्यावर बार टाकू नका. कुत्रा नसेल तर उंच ट्यूल गवतावरचे पक्षी सोडून द्या, मोकळ्या पाण्यावरचेच घ्या.

बांधाच्या कडेचा चर

तळं गुडघाभर, पण बांध घालायला माती काढलेला चर त्याच्या कडेलाच असतो आणि अंधारात दिसत नाही. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा) पट्टा आवळूनच उतरा, काठीने ठोकत चला, एकटे जाऊ नका. मी एकदा छातीपर्यंत गेलो होतो. बाहेर निघालो ते जोडीदाराने धरलेल्या डिकॉयच्या दोरीमुळे.

परतताना आत जाताना मिळालेलं परमिट चेक स्टेशनवर द्यावं लागतं. तिथला माणूस पक्षी बघून जातवार नोंद करतो. काही मिळालं नाही म्हणून लाजून तसेच गाडीत बसून निघून जाणारे असतात. त्या वर सांगितलेल्या सरासऱ्या याच टेबलावर तयार होतात. परवाच्या बुधवारी त्यात माझंही एक शून्य जमा झालं, आणि पुढच्या बुधवारसाठी वेधशाळेने उत्तर वारा सांगितलाय.