शर्यतीआधीचे तीन आठवडे: अंतर घटवा, वेग राखा

३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणं. एवढ्या शर्यतीसाठी, म्हणजे आयर्नमॅन ट्रायथलॉनसाठी, शेवटची लांब राइड तीन आठवडे आधीच उरका. मग सरावाचे तास आठवड्यागणिक साधारण ७५, ५० आणि ३० टक्क्यांवर आणा. शर्यतीच्या वेगातले छोटे तुकडे मात्र सोडू नका, नाहीतर पाय जड पडतात.

शर्यतीत किती प्यायचं ते ठरवायला नागपूरच्या वर्धा रोडवर तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. घटलेल्या किलोंत प्यायलेले लिटर मिळवा. तो तासाचा घाम. पहाटेचा आकडा दुपारच्या धावण्याला पुरत नाही, म्हणून उन्हातही एकदा मोजा (नागपूरचा मे असेल तर सकाळी नऊच्या आत). घामापेक्षा जास्त साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. झिजलेली चेन आत्ताच बदला, शर्यतीच्या आदल्या दिवशी नव्हे.