संकटाआधीची तयारी: प्रोजेक्ट मॅनेजरच्या हाताशी काय असावं

धोक्यांच्या यादीपासून सुरुवात करू नका. आग, पूर, संप, सायबर हल्ला... ही यादी हवी तेवढी लांबते आणि ऐनवेळी कामाला येत नाही. कारण कुठलंही असो, परिणाम मोजकेच: माणसं येऊ शकत नाहीत, जागा वापरता येत नाही, यंत्रणा बंद आहे, डेटा गेलाय किंवा पुरवठादारानं हात वर केलेत. प्रकल्पातलं एकेक काम या पाचांसमोर धरा आणि ते किती वेळ अडलं तर चालेल ते लिहा: तास, दिवस की आठवडे. हे एकट्यानं बसून ठरवू नका. काम करणाऱ्याला विचारा आणि त्या कामावर ज्याचं पुढचं अवलंबून आहे त्यालाही वेगळं विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तिथेच थांबून आधी ते मिटवा. सगळीच कामं ‘तास’ या रकान्यात जाऊन बसली, तर यादी अजून झालेलीच नाही.

‘तास’ रकान्यातल्या कामांपुढे दोन आकडे लागतात. आरटीओ, म्हणजे काम किती वेळात परत सुरू व्हायला हवं. आणि आरपीओ, म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तर सोसेल. कागदावर आरपीओ एक तास आणि बॅकअप मात्र रोज रात्री एकदाच, असं सर्रास दिसतं. तिथे खरा आरपीओ चोवीस तासांचा असतो. आरटीओचं गणितही करून बघा. २ टीबी डेटा १ जीबीपीएसच्या लाइनवरून आणायचा आणि सेकंदाला १०० एमबीचा वेग मिळाला, तर नुसत्या कॉपीलाच साडेपाच तास जातात. बिघाड लक्षात येणं, निर्णय होणं, आलेला डेटा तपासणं हे त्यात धरलेलंच नाही. क्लायंटला चार तासांचा शब्द दिला असेल, तर एकतर लाइन बदला नाहीतर शब्द, आणि तेही आजच.

डेटाच्या मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम पाळाच. रॅन्समवेअरमुळे, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, त्यात एक भर पडलीये: निदान एक प्रत अशी हवी, की अॅडमिनचं लॉगिन चोरीला गेलं तरी ती पुसता येणार नाही. यादीत मात्र ‘बॅकअप आहे’ यावर टिक करू नका. टिक ‘रिस्टोअर करून (बॅकअपमधून डेटा परत आणून) पाहिला’ यावर, तारीख आणि लागलेल्या वेळेसकट. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड ठेवणाऱ्या ऑनलाइन सेवेच्या मुख्य डेटाबेसमधला डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की नेहमीचा डेटाबेस बॅकअप टूलची आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता आणि तो फसल्याचे ईमेल पडताळणीत अडून नाकारले जात होते. कामी आली ती सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कारणासाठी घेतलेली प्रत. तीही संथ डिस्कवर होती, म्हणून सेवा परत यायला १८ तासांच्या आसपास गेले. तेव्हा बॅकअप फसला की अलर्ट येईल, एवढ्यावर विसंबू नका. ठरलेल्या वेळेपर्यंत ‘यशस्वी’ असा संदेश आला नाही, तर अलर्ट वाजला पाहिजे.

यानंतर प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारत फिरा: जे बंद पडलंय, त्यावरच हिचाही भार आहे का? ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं नेटवर्क साधारण सहा तास गेलं, तेव्हा दुरुस्तीसाठी लागणारी त्यांची स्वतःची अंतर्गत साधनंही त्यासोबत कोलमडली. तुमच्याकडे हे लहान रूपात असतंच. संकटाचा आराखडा त्याच शेअर्ड ड्राइव्हवर, फोन नंबर त्याच मेलबॉक्समध्ये, लॅपटॉपची कुलूपबंद डिस्क उघडणारी रिकव्हरी की त्याच सर्व्हरवर. दोन इंटरनेट लाइन घेतल्या असतील तर दोन्ही केबल इमारतीत एकाच वाटेनं येतात का, ते प्रत्यक्ष जाऊन बघा. बिलं वेगळी आली म्हणजे वाटा वेगळ्या असतात असं नाही. आराखड्याचा गाभा दोन पानांत बसवा, छापा, आणि मुख्य माणसांच्या घरी एकेक प्रत असू द्या. बोलण्यासाठी कंपनीच्या लॉगिनशी संबंध नसलेला एक ग्रुप आधीच तयार ठेवा आणि त्यातून सोडून गेलेल्या लोकांना काढत चला.

माणसांच्या बाबतीत प्रत्येक भूमिकेला एक बदली माणूस हवा हे सगळे लिहितात. अडतं ते अॅक्सेसवर. बदली माणसाला पासवर्ड माहीत असतो, पण ओटीपी मूळ माणसाच्या फोनवर जातो आणि तो विमानात असतो. डोमेनचं नूतनीकरण, वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट, क्लाउडचं मुख्य खातं, बँकेची मंजुरी, या चार ठिकाणी हे आधी तपासा. आणीबाणीचं एक वेगळं खातं सीलबंद पाकिटात ठेवा आणि ते वापरलं गेलं की लगेच कळेल अशी सोय करा.

संकट जाहीर कोण करणार आणि कशावरून, हेही लेखी हवं. ‘परिस्थिती गंभीर वाटल्यास’ हा निकष नव्हे. ‘३० मिनिटांत कारण सापडलं नाही, किंवा डेटा गेल्याची शंका आली’ हा निकष. न विचारता किती पैसे खर्च करता येतील, तो आकडा स्पॉन्सरकडून, म्हणजे प्रकल्पाला पैसे मंजूर करणाऱ्याकडून, आत्ताच घ्या. प्रकल्पाची राखीव रक्कम सहसा तुमच्या हातात असते, व्यवस्थापनाची राखीव रक्कम नसते, आणि रात्री दोन वाजता सही मिळत नाही.

पहिल्या तासासाठी तीन जण नेमा: निर्णय घेणारा, नोंदी ठेवणारा आणि बाहेर कळवणारा. निर्णय घेणाऱ्यानं स्वतः कीबोर्डला हात लावायचा नाही. नोंदवही साधी चालेल. वेळ, काय केलं, कोणी केलं, एवढंच. पुढे विमा, करार आणि चौकशी यांना हीच लागते. कळवायचा मजकूर आधीच लिहून ठेवा: “१०:२० पासून नवीन ऑर्डर घेता येत नाहीत. कारण शोधत आहोत. पुढची माहिती ११:०० वाजता.” अकरा वाजता नवीन काहीच नसलं, तरी तेवढंच कळवा. सेवा कधी सुरू होईल याचा अंदाज दबावाखाली देऊ नका. तो चुकला की पुढचं खरंही कोणी खरं मानत नाही.

करार काढून दोन गोष्टी अधोरेखित करा: पुरवठादाराचा सपोर्ट नेमका किती ते किती, कुठल्या टाइमझोनमध्ये, आणि अनपेक्षित आपत्तीची लेखी सूचना किती दिवसांत द्यावी लागते. ही मुदत चुकली तर कारण रास्त असूनही मुदतवाढीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

सराव नव्वद मिनिटांत टेबलाभोवती होतो. एक प्रसंग द्या आणि दर पंधरा मिनिटांनी त्यात नवी अडचण टाका. सगळ्यात जाणत्या माणसाला बोलायची बंदी करा, म्हणजे खरी भोकं दिसतात.

सेवा परत सुरू झाल्यावर काय करायचं तेही लिहून ठेवा, कारण ते कायम विसरलं जातं. बंदच्या काळात कागदावर किंवा एक्सेलमध्ये घेतलेल्या नोंदी यंत्रणेत दोनदा चढतात, म्हणून प्रत्येक नोंदीला आधीच क्रमांक द्या आणि चढवणारा व जुळवणारा वेगळा ठेवा. काम आठ तासांपलीकडे लांबणार असं दिसताच अर्ध्या लोकांना झोपायला पाठवा. सगळे एकदमच थकले, की दुसऱ्या दिवशी सकाळी हाताशी कोणी उरत नाही.