एक शटर आणि सात ग्रुप: वर्कशॉपचे मेसेज एका जागी आणायचे कसे

भोसरीकडे आमची एक शेड आहे, पंचवीस-तीस जण वर्गणी काढून चालवतो. सुतारकामाची टेबलं, एक लेथ, दोन थ्रीडी प्रिंटर, एक लेझर कटर. तर झालं असं की एका शनिवारी एक ताई हडपसरहून दोन बस बदलून ॲक्रिलिकच्या शीट घेऊन आल्या, लेझरचं बुकिंग व्हॉट्सॲपवर रीतसर केलेलं, आणि बघतात तर मशीनवर कागद चिकटवलेला, एक्झॉस्ट फॅन बंद, वापरू नका. हा मेसेज बुधवारीच पडला होता. डिस्कॉर्ड नावाच्या दुसऱ्याच चॅट ॲपवर. ताईंना डिस्कॉर्ड म्हणजे काय तेच माहीत नाही, आणि ज्या पोराने टाकला त्याच्या मते त्याने सगळ्यांना कळवलं होतं. ताई काही बोलल्या नाहीत, चहा घेऊन परत गेल्या, त्यामुळे जास्तच लाजल्यासारखं झालं.

त्या दिवशी बसून मोजलं. व्हॉट्सॲपचे तीन (मेन, कमिटी आणि 'शनिवार सुतारकाम'), फाइलींसाठी टेलिग्राम, कॉलेजच्या पोरांचं डिस्कॉर्ड, लॉकडाऊनमध्ये कुणीतरी उत्साहाने काढलेलं स्लॅक (ऑफिसवाले वापरतात ते चॅट ॲप), आणि हिशोबासाठी एक गूगल ग्रुप. सात! माणसं तीस. तुमच्याकडेही असंच असेल तर आम्ही काय केलं ते सांगतो, काय चुकलं तेही सांगतो.

आधी ॲप कुठलं हा विषय काढूच नका. कागद घ्या, चार रकाने पाडा: ग्रुपचं नाव, ॲडमिन कोण, शेवटचा कामाचा मेसेज कधीचा (गुड मॉर्निंग धरायचं नाही), आणि कुठला निरोप फक्त तिथेच मिळतो. हा चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. स्लॅक मेलंय असं आम्ही समजत होतो, तर लेथच्या सर्व्हिसवाल्याचा नंबर फक्त तिथे. आणि दुसऱ्या रकान्यात कळलं की टेलिग्रामचा एकुलता एक ॲडमिन दोन वर्षांपूर्वी जर्मनीला गेलाय. त्याला गाठून आधी ॲडमिन हक्क घेतले, नाहीतर पुढे काहीच बंद करता आलं नसतं, तुम्हीही हे पहिल्याच आठवड्यात उरकून टाका.

आता ॲप निवडायचं. इथे आम्ही मतदान घेतलं, ही आमची घोडचूक. सातही ठिकाणी पोल टाकला आणि प्रत्येक ठिकाणी तिथलंच ॲप जिंकलं, अर्थातच, कारण तिथे बसलेल्यांना तेच आवडतं. मग एक प्रश्न विचारला: कोण नसेल तर शेड उघडतच नाही? आमच्याकडे काका. शटरची चावी त्यांच्याकडे, रंधा धरायला पोरांना तेच शिकवतात, आणि टाइप करायचा कंटाळा म्हणून फक्त व्हॉइस नोट पाठवतात. काका व्हॉट्सॲपवर, म्हणून शेड व्हॉट्सॲपवर. विषय संपला. तुमचे काका डिस्कॉर्डवर असतील तर डिस्कॉर्ड घ्या, माझं काही म्हणणं नाही, पण ज्याच्यावाचून अडतं त्याला नवीन ॲप शिकवायला जाऊ नका, तो हो म्हणेल, डाउनलोड करेल आणि परत कधी उघडणार नाही.

व्हॉट्सॲप सगळ्यात भारी आहे असं मी म्हणत नाहीये. नवीन आलेल्याला जुनं सगळं आपोआप दिसत नाही, टेलिग्रामला ते दाखवायची सोय आहे. शोधायला गेलं तर हवं ते सापडत नाही. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेलं कम्युनिटी हे फीचर अशा शेडसाठी कामाचं आहे: वरती घोषणांचा एक ग्रुप, त्यात फक्त ॲडमिनच लिहिणार, आणि खाली बाकीचे ग्रुप. शिवाय कम्युनिटीत तुमचा नंबर ॲडमिनना आणि तुमच्याच ग्रुपमधल्या लोकांना दिसतो, बाकी सगळ्यांना नाही. आमच्याकडच्या दोन-तीन मुली मेन ग्रुपमध्ये का येत नव्हत्या ते तेव्हा कळलं, नंबरवर नको ती माणसं मेसेज करत होती. हे आम्हाला आधी कुणी बोललंच नव्हतं, किंवा बोललं असेल पण कुठल्यातरी सहाव्या ग्रुपात.

मग आम्ही तीन कप्पे केले. सूचना: फॅन बंद, शेड बंद, वर्गणी भरा, एवढंच. कट्टा: बाकी सगळं, प्रश्न, फोटो, 'कुणाकडे बारा नंबरचा पाना आहे का'. कमिटी: पाच जण. चौथा ग्रुप हवा असेल तर आधी एक बंद करायचा.

आणि नोंदी चॅटमध्ये ठेवायच्याच नाहीत! यावर मी भांडायला तयार आहे. बुकिंग, चावी कुणाकडे, मशीनचे नियम, हिशोब, हे मेसेज नाहीत, ही वही आहे. 'लेझरवर पीव्हीसी कापू नका' हा मेसेज आमच्याकडे कितीदा पडला असेल कुणास ठाऊक, तरी एक जण पीव्हीसीची शीट घेऊन आलाच, कारण त्याच्या आधी तीनशे मेसेज वाहून गेले होते. पीव्हीसी जळलं की क्लोरीनवाला विषारी वायू सुटतो, माणसाच्या छातीला वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही गंज. अशी गोष्ट मेसेजच्या भरवशावर सोडायची? आता नियम एका गूगल डॉकमध्ये, बुकिंग गूगल कॅलेंडरवर, आणि दोन्हींचे क्यूआर कोड लॅमिनेट करून त्या त्या मशीनला चिकटवलेत. लॅमिनेट नक्की करा, साधा कागद आमच्याकडे आठ दिवसांत भुशाने आणि ऑइलच्या हातांनी काळा झाला.

बंद करायच्या आधी जुनं उतरवून घ्या. व्हॉट्सॲपमध्ये एक्स्पोर्ट चॅट आहे, फोटोंसकट घेतलं तर शेवटचे १०,००० मेसेज येतात आणि फोटोंशिवाय ४०,०००, म्हणून आम्ही दोन्ही काढून ठेवलं. ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी ही सेटिंग चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही, ती तेवढ्यापुरती बंद करा. टेलिग्रामचं कॉम्प्युटरवरच्या ॲपमधून फाइलींसकट निघतं, सोपं आहे. डिस्कॉर्डला असं बटणच नाही, पिन केलेले मेसेज एका पोराने हाताने कॉपी केले, दोन रविवार गेले त्याचे. आणि स्लॅक फुकटवालं असेल तर आधी तिकडे पळा, ९० दिवसांपेक्षा जुनं दिसत नाही आणि वर्षाहून जुनं पुसूनच टाकतात. आमचा लेथवाल्याचा नंबर? गेला. शेवटी एका जुन्या बिलावर मिळाला.

इथे कुणीतरी हुशार नक्की म्हणणार की कशाला बंद करता, ब्रिज लावू, एकीकडचा मेसेज आपोआप सगळीकडे जाईल. आम्ही करून बघितलं. ज्याने लावला तो होता तोवर चाललं, मग त्याला बेंगळुरूला नोकरी लागली आणि एका सोमवारी ते गप झालं, कुणाला कळलंही नाही की मेसेज जात नाहीयेत. त्यात व्हॉट्सॲपला असं बाहेरून जोडलं तर नंबर ब्लॉक व्हायची भीती वेगळीच. नका करू.

बंद करायची तारीख ठरवा, पण गणपतीच्या तोंडावर ठेवू नका, कुणाचंच लक्ष नसतं. आम्ही दिवाळीनंतरचा सोमवार घेतला. त्याआधी पंधरा दिवस नियम असा की जुन्या ग्रुपात प्रश्न आला तर उत्तर द्यायचं नाही, उत्तर कट्ट्यावर द्यायचं आणि इथे फक्त 'तिकडे दिलंय' आणि लिंक. हे ऐकायला खडूस वाटतं, पण माणूस उत्तराच्या मागे जातो, सूचनेच्या मागे नाही. तारखेला ग्रुपचं नाव बदलून 'बंद – कट्ट्यावर या' केलं आणि सेटिंगमध्ये मेसेज पाठवायचा हक्क फक्त ॲडमिनला ठेवला. महिन्याभराने एकेकाला काढून ग्रुप डिलीट. 'असू दे ना, काय बिघडतं' म्हणणारे भेटतील, पण चालू ठेवलेल्या ग्रुपात कुणीतरी मेसेज टाकतोच आणि परत एक ताई दोन बस बदलून येते.

डिस्कॉर्डची पोरं रुसली, ते साहजिक होतं, त्यांनी तिथे खरंच छान डिझाइन्स जमवली होती. शेवटी तह केला: तुमचं डिस्कॉर्ड तुम्ही चालवा, पण चावी, मशीन आणि पैसे या तीन गोष्टींचं तिथे बोललेलं धरलं जाणार नाही. शनिवार सुतारकामवाल्यांना तर विचारावंही लागलं नाही, काका म्हणाले चला, सगळे आले.

परवा फॅन पुन्हा बंद पडला. सूचनेत लगेच पडलं, ताईंचा अंगठा दोन मिनिटांत आला. फक्त ते कळवलं काकांनी, व्हॉइस नोटने, दोन मिनिटं चाळीस सेकंद, मागे ग्राइंडर चालू, कुणाला एक अक्षर कळेना. म्हणून आता आठवड्याला एकाची ड्यूटी लावलीये, काकांच्या नोटखाली एका ओळीत लिहायचं, काय म्हणाले ते.