रुग्णोपयोगी उपकरणांचा व्यवसाय करताय? नोंदणीच्या या चुका टाळा

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सीपॅप (झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन), नेब्युलायझर, हॉस्पिटल बेड असा माल ठेवणाऱ्या अनेकांना वाटतं, गुमास्ता आणि जीएसटी झालं की काम झालं. तसं नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली, आणि वैद्यकीय उपकरण नियमांतल्या सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीने विक्रेत्यांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. अर्ज एमडी-४१ या फॉर्ममध्ये करायचा, प्रमाणपत्र एमडी-४२ या फॉर्ममध्ये मिळतं. ते देतं राज्याचं परवाना प्राधिकरण, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन. उत्पादकाकडे केंद्राचा परवाना आहे म्हणून दुकानदाराची नोंदणी टळत नाही.

‘आम्ही विकत नाही, फक्त भाड्याने देतो’ या भरवशावर राहू नका. नियमात विक्रीच्या जोडीला साठवणूक, मांडणी आणि वितरणही आहे. माझ्या मते भाड्याच्या धंद्यात तर शिस्त जास्तच हवी, कारण एकच मशीन एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात राहतं.

अर्ज अडतो तो बहुतेक कागदांवर. जागेचा भाडेकरार एका नावाने आणि फर्म दुसऱ्याच नावाने, असं असेल तर आधी ते जुळवून घ्या. गोडाऊन वेगळ्या पत्त्यावर असेल तर तेही लपवू नका. प्रमाणपत्रावर जागेचा पत्ता असतो. नोंदणीसाठी दुकानात एक सक्षम तांत्रिक व्यक्ती दाखवावी लागते; ती फार्मासिस्टच लागते, हाही गैरसमज आहे. पदवीधर चालतो, आणि बारावी झालेला, उपकरणांच्या विक्रीचा वर्षभराचा अनुभव असलेला माणूसही चालतो. मात्र तो खरोखर दुकानात काम करणारा असावा. नुसतं कुणाचं तरी सर्टिफिकेट जोडू नका.

ऑक्सिजन सिलिंडरचं वेगळं आहे. वैद्यकीय ऑक्सिजन हे स्वतःच औषध आहे, त्यामुळे एमडी-४२ च्या जोरावर भरलेले सिलिंडर विकता येत नाहीत. त्याला औषध विक्रीचा परवाना लागतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक नोंदणी मिळाल्यानंतर होते: बिलावर नुसतं ‘बायपॅप – १ नग’ लिहिणं (बायपॅप म्हणजे श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं, सीपॅपसारखंच मशीन). खरेदी-विक्रीच्या नोंदीत बॅच किंवा लॉट नंबर हवाच. मशीन असेल तर सिरियल नंबर आणि रुग्णाचा फोनही लिहून ठेवा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे सीपॅप-बायपॅपची लाखो मशीन जगभरातून परत मागवली. अशा वेळी कोणतं मशीन कुणाच्या उशाशी आहे, हे फक्त तुमच्या वहीतून कळतं. नोंद नसेल तर रुग्ण रोज रात्री तेच मशीन लावून झोपणार.

माल नोंदणीकृत किंवा परवानाधारक पुरवठादाराकडूनच घ्या आणि त्याच्या परवान्याची प्रत फाइलला लावा. प्रमाणपत्र ग्राहकाला दिसेल असं लावा. त्याला मुदत नसली तरी दर पाच वर्षांनी ते चालू ठेवण्याचं शुल्क भरावं लागतं. ती तारीख आजच कॅलेंडरवर टाका.