कुरकुर ओठांवर आली की तिला प्रार्थनेचं रूप द्या

सकाळी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, होते, पण दुपारपर्यंत जीभ पुन्हा तक्रारीवर येते. अशा वेळी तक्रार चारचौघांत न नेता सरळ देवबापाकडे न्या.

1. वाक्याच्या सुरुवातीला 'प्रभू' म्हणा. "कोणी मदतच करत नाही" याचं आपोआप "प्रभू, मी थकलेय, कोणाला तरी मदतीला पाठव" असं होतं. एवढ्यानेच बराचसा कडवटपणा उतरतो.

2. त्याच दमात एक उपकार नेमका सांगा. "सगळ्यासाठी धन्यवाद" एवढं मोघम पुरत नाही, ते सवयीने निघून जातं. "रात्री लेकराचा ताप उतरला आणि ते शांत झोपलं, त्याबद्दल तुझे आभार" असं म्हणा. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्र 4:6 मध्ये प्रेषित पौलही विनंती आणि आभार एकत्रच ठेवतो, आणि हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिलं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

3. तो उपकार तारखेसह वहीत टिपा. मन कोरडं असेल त्या दिवशी जुनी पानं वाचूनच प्रार्थनेला बसा.

एक काळजी मात्र घ्या. खरं दुःख आभारांच्या आड लपवू नका, बायबलमधल्या स्तोत्र 13 ची सुरुवातच "कोठवर?" अशा आक्रोशाने होते. घरात मारहाण किंवा कुठे अन्याय सोसत असाल, तर ते विश्वासातल्या माणसाला सांगा, गरज पडली तर पोलिसांकडे जा. ती कुरकुर नव्हे.