दुबईला बिऱ्हाड हलवताय? आधी खसखस काढा

सामान भरण्याआधी मसाल्याचे डबे तपासा. तिकडे खसखशीला बंदी आहे, आणि आपल्या काळ्या मसाल्यात ती हमखास असते. कांडपवालीला आधीच सांगून ठेवा. शेंगाचटणी, कडक भाकऱ्या न्या. भाकऱ्यांचा डबा सोलापुरी चादरीत गुंडाळला की मोडत नाहीत, आणि चादर तिकडे एसीत लागतेच. आमची पोरं तर मे महिन्यातही ती अंगावर घेऊन झोपतात!

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. त्यावर तिथली जुनी युक्ती आहे: जून लागला की गिझर बंद करायचा. गिझरची टाकी घरात, एसीच्या गारव्यात. त्यामुळे गरम पाण्याच्या नळाला बरं पाणी येतं आणि गारच्या नळाला कढत. पोरांना अंघोळ पहिल्या नळाची घाला. पाहुणे आजीआजोबा आले की हा उलटा कारभार त्यांनाही लगेच सांगा.

खेळायला दिवस मावळल्यावरच सोडा, तरी घसरगुंडीला आधी आपला हात लावून बघा.

गाडीत चार वर्षांपर्यंत चाइल्ड सीट सक्तीची. मांडीवर घेऊन बसणं विसरा.

मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात, म्हणजे जानेवारीतली आपली सोलापूरची गड्ड्याची जत्रा बहुतेक हुकणार. त्यापेक्षा आजीशी रोजचं बोलणं सांभाळा. तिकडचं घड्याळ दीड तास मागे, म्हणून फोन सातच्या आत लावा. इथं तेव्हा साडेआठ वाजलेले असतात आणि आजी पेंगायला लागते. २०२२ पासून शुक्रवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा निवांत गप्पा होतात.