मिल्टन वाचायचाय? आधी बायबल उघडा

इंग्रज कवी मिल्टनचा काळ, म्हणजे इंग्लंडचं १७वं शतक शिकताना इतिहास, धर्म, साहित्य अशा तीन वेगळ्या वह्या करू नका, सगळं एकमेकांत गुंतलंय. मी आधी नुसती कविताच वाचत बसलो आणि निम्मं डोक्यावरून गेलं.

सुरुवात १६११च्या किंग जेम्स बायबलने करा, सगळं नको, त्यातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे पहिले तीन अध्याय बास. तिसऱ्यात आदम आणि हव्वा मनाई केलेलं फळ खातात, तो नीट बघा, तिथे नुसता साप आहे, सैतानाचं नावच नाही, आणि फळाला सफरचंद कुठेच म्हटलेलं नाही. मग कागदावर चारच तारखा लिहा, १६४२ यादवी युद्ध, १६४९ राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद, १६६० राजेशाही परत, १६६७ पॅराडाइज लॉस्ट, म्हणजे याच आदम-हव्वेच्या कथेवरचं मिल्टनचं महाकाव्य. आता मजा बघा, मिल्टन राजाला मारणाऱ्यांच्या सरकारात नोकरीला, पुढे त्यांचीच बाजू हरली, तोवर याचे डोळेही गेलेले, आणि हा माणूस देवाविरुद्ध बंड करून हरलेल्या सैतानाच्या तोंडी काय जबरदस्त भाषणं घालतो! कवी नक्की कुणाच्या बाजूने यावर पार इंग्रज कवी ब्लेकपासून भांडणं चालूयत.

अडलेल्या शब्दांना ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी घ्या, त्यात जुने अर्थ सालासकट मिळतात. टीकाग्रंथ मात्र सगळ्यात शेवटी.